फायलीचं सासर

मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या कुबलांच्या घरात सून आली तेव्हा तिचं नाव होतं नर्मदा आणि सासूचं यमुना. सासूने लग्नाच्या आदल्या दिवशीच निकाल देऊन टाकला, "एका घरात दोन नद्यो खंय घालू? एक आसा ती काय कमी पडता?" झालं! देवगडच्या सारंगांची नर्मदा मालवणच्या किनाऱ्यावर येऊन तांदळाच्या ताटात तुळसा झाली. ताटात अंगठीने नाव लिहिणारा नवरा, लवू, हा ट्रॉलर हाकणारा तांडेल. त्याला इंजिनातलं सगळं कळे, घरातल्या दोन बायकांमधलं काही कळत नसे. ते कळून घ्यायचा त्याने कधी प्रयत्नही केला नाही, आणि म्हणूनच तो आजवर सुखात आहे.

यमुनाबाईंना वाटलं होतं, नाव बदललं म्हणजे अर्धं काम झालं. सून बारावी झालेली, टायपिंग झालेली, वर एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेटही घेऊन आलेली. बोलायला मात्र फटकळ. सकाळी सासूबरोबर वाळूवर बांगडे आणि बारीक कोळंबीचा गोलमा सुकत घालायचा, दुपारनंतर बाजारपेठेत भरडावर ब्रॅंडन फर्नांडिसच्या सायबर कॅफेत बसून लोकांचे अर्ज टाइप करायचे, असा तिचा दिवस. सासूशी वाद घालायला मधे जेवढा वेळ मिळेल तेवढा तिला पुरायचा.

वादाचा मुख्य विषय सुकी मासळी. वाळूत घातलेल्या बांगड्यांतले निम्मे कावळ्यांचे, उरलेल्यांतले काही कुत्र्यांचे, आणि वळवाचा पाऊस आला की राहिलेल्यांचा चिखल. तुळसाने कुठेतरी वाचलं होतं की मासळी उंच मांडवावर जाळीत सुकवता येते, नीट पिशवीबंद केली की वर्षभर टिकते. यमुनाबाईंचं म्हणणं, "माझ्या आजयेन वाळूतच सुकयल्यान, कोण मेला काय?" यावर तुळसाकडे उत्तर होतं, पण ते ती सासूला देऊ शकत नव्हती, कारण ते तिलाही धड येत नव्हतं. शिकायला हवं होतं.

आणि २००९ च्या मे महिन्यात शिकायची वेळ आली. कोचीच्या एका संस्थेने किनाऱ्यावरच्या बायकांसाठी मासळी सुकवण्या-टिकवण्याचं शिक्षण काढलं होतं, तेही पावसाळ्यात, होड्या बंद असतात तेव्हा. तुळसाने अर्ज टाकला आणि तिची निवड झाली. वयाची अट तिशीची होती. तुळसाला येत्या दिवाळीत तीस पुरी होणार, म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. मासळीपलीकडचं एक कारण तिने कुणाला सांगितलं नव्हतं. कुडाळ स्टेशनावर ती पाहुण्यांना सोडायला जाई, गाडी सुटली की हात हलवून परत येई. एकदा तरी आपण गाडीच्या आत असावं आणि हात दुसऱ्या कुणी हलवावा, असं तिला फार वाटे. यात लाजण्यासारखं काय आहे? पण ती लाजायची खरी.

यमुनाबाईंना विचारलं तर त्या "बघूया" म्हणाल्या. त्यांच्या 'बघूया'चा अर्थ अख्ख्या दांडीला ठाऊक होता: नको म्हणायला कारण सापडत नाही, सापडलं की सांगते.

बुधवारी दुपारी कोचीची ईमेल आली. सोबतचा फॉर्म भरून पाठवा, त्याला जोडून तुम्ही करता त्या कामाविषयी पानभर आपल्या भाषेत लिहा, आमच्याकडे मराठी वाचणाऱ्या बाई आहेत. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिस बंद होईपर्यंत आलं नाही तर तुमची जागा यादीतल्या पुढच्या बाईला देऊ. तुळसाने ते दोनदा वाचलं आणि फॉर्मवर क्लिक केलं.

फॉर्म उघडेना. फायलीच्या डोक्यावर वर्डचा निळा डब्ल्यू नव्हता, नुसता कोरा पांढरा कागद. कॉम्प्युटर उलट तिलाच विचारत होता, ही कशात उघडू?

ब्रॅंडन असता तर प्रश्नच नव्हता. पण त्याच्या चुलतबहिणीचं, शॅननचं, म्हापशाला लग्न होतं. सगळे फर्नांडिस तिकडे रोसाला, म्हणजे नवरीला नारळाचा रस लावायच्या विधीला, गेलेले, आणि कॅफेची चावी तुळसाकडे. फोन लावला तर स्विच ऑफ. लग्नघरात कोण कुणाचा फोन चार्ज करतो!

आता सांगायला हवं की या बाबतीत तुळसा स्वतःला थोडी शहाणी समजे. कॅफेत येणाऱ्या पोरांना, पेन्शनरांना ती मोठ्या झोकात शिकवायची: फायलीच्या नावात टिंबाच्या पुढे जे असतं ते तिचं आडनाव. 'डॉक' म्हणजे वर्डच्या घरची, 'एक्सएलएस' म्हणजे हिशेबाच्या तक्त्यांची, 'जेपीजी' म्हणजे फोटो, 'पीडीएफ' म्हणजे नुसती वाचायची, हात लावायचा नाही. पीडीएफवर तर तिचा रागच होता. गिऱ्हाइकाची पीडीएफ आली की तिच्यात एक काना बदलता येत नसे. "हट्टी मेली," असं ती म्हणे.

तर तिने या फायलीचं आडनाव नीट पाहिलं. 'डॉक' होतं, पण शेपटाला एक 'एक्स' जास्त. तुळसाला हसू आलं. एवढंच ना? आपल्याकडे सून आली की काय करतात? माहेरचं नाव काढायचं, सासरचं लावायचं, आणि त्या दिवसापासून ती या घरची. तिने तो 'एक्स' खोडून टाकला. कॉम्प्युटरने बजावलं की आडनाव बदललंत तर फाईल निकामी होऊ शकते, नक्की बदलू का? तुळसाने 'हो' दाबलं. असं तर लग्नात भटजीसुद्धा विचारत नाही.

आणि गंमत म्हणजे, फायलीच्या डोक्यावर चटकन निळा डब्ल्यू उमटला! तुळसा खुर्चीतच उडाली. मग तिने फाईल उघडली. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. पानभर चौकोन, उलटीसुलटी चिन्हं, सुरुवातीला 'पी' आणि 'के' ही दोन अक्षरं तेवढी माणसातली. तिने आडनाव पुन्हा बदललं, पीडीएफ केलं. फाईल खराब आहे, कॉम्प्युटर म्हणाला. शेवटी जेपीजीसुद्धा केलं, म्हटलं निदान फोटो तरी दिसेल. एका दुपारी त्या बिचाऱ्या फायलीची इतकी लग्नं लागली, पण नांदायला ती कुठेच तयार नव्हती.

कोचीला फोन करून 'उघडत नाही' म्हणावं, तर तिला धीर होईना. मालवणच्या बाईला साधा फॉर्म उघडता येत नाही, ही काय मशीन चालवायला शिकणार, असं म्हणतील. कॅफे बंद करून ती घरी आली ती तोंड पाडूनच.

यमुनाबाई अंगणात जाळ्याच्या तुकड्याखाली बांगडे झाकत होत्या. त्यांनी मान वर न करताच विचारलं, "काय गो, तोंड कित्याक असा केलंस?"

"कोचीची फाईल उघडणा नाय. शुक्रवारपर्यंत पाठवक व्हयी."

"मगे उघड."

"आई, उघडली असती तर असा तोंड केलं असतंय? तेच्या आडनावाक एक अक्षर जास्त होता. ता काढलंय. वाटला, आता आमच्या वर्डाची झाली. तरी नाय उघडली."

यमुनाबाईंनी जाळं खाली ठेवलं. फाईल म्हणजे काय ते त्यांना माहीत नव्हतं, पण नाव बदलणं म्हणजे काय ते चांगलं माहीत होतं.

"म्हणजे नाव बदललंस, आणि ती ताबडतोब तुझी होतली?"

"व्हय."

"मी तुझा नाव बदललंय. नर्मदेची तुळसा केलंय. मगे तू माझा आयकूक लागलंस? देवगडच्या सारंगांचा डोक्या हयसर इल्यार बदलला? कायएक नाय! तुका उघडूक माका वर्सां गेली बाये. आणि तू एका दुपारात ती उघडूक बसलंस."

एरवी तुळसाने याला चोख उत्तर दिलं असतं. त्या संध्याकाळी तिने जाळ्याचं दुसरं टोक धरलं. आपल्याला उघडायला ही बाई इतकी वर्षं बसली होती, हे तिला आजच कळत होतं. तिला वाटे, सासू फक्त ओरडते. आणि दुसरं जे कळलं ते कामाचं होतं. आडनाव ही नुसती वरची पाटी. आतलं सगळं जिथून आलं तिथलंच असतं. ही फाईल कुठल्या घरची आहे ते शोधायचं आणि त्या घरची रीत जाणणारं कुणीतरी आणायचं. पाटी खरवडून काय होणार!

गुरुवारी सकाळी ब्रॅंडनचा फोन लागला. मागे बँड वाजत होता, त्यामुळे तो ओरडतच होता. "वैनी, ती नव्या वर्डाची फाईल गो! आपलो वर्ड जुनो. तेका ती भाषाच येणा नाय. नाव बदलल्यार काय जावचा नाय!"

"ता माका सासयेन कालच सांगितल्यान," तुळसा म्हणाली.

"कोणी?"

"ता ऱ्हवांदे. आता काय करू?"

"ड्रॉवरात सीड्यो आसत. 'ओपन ऑफिस' लिवलेली बघ, मासिकावांगडा फुकट इल्ली. ती घाल. तो जुन्याचाय समाजता, नव्याचाय."

ड्रॉवरात सीड्यांबरोबर रबरं, मेणबत्त्या आणि चर्चच्या कुठल्याशा फेस्ताच्या पावत्याही निघाल्या. सीडी मिळाली, लागली, आणि बराच वेळ घरघरून तो नवा कारभारी कॉम्प्युटरात बसला. तुळसाने ईमेलमधून फॉर्म पुन्हा उतरवला. जुन्या फायलीवर इतके प्रयोग झाले होते की तिचं खरं नाव तिलाच आठवत नसेल. क्लिक केलं. उघडला! नाव, पत्ता, शिक्षण, सगळे रकाने इस्त्री केल्यासारखे. तुळसाने कॅफेत कुणी नाही हे बघून घेतलं आणि एकटीच जोरात हसली.

फॉर्म भरला. मग पानभर मजकूर लिहिला, ब्रॅंडन लग्नपत्रिकांसाठी वापरायचा त्या मराठी फॉन्टमध्ये, झोकदार वळणाचा. सगळं मिळून जुन्या 'डॉक'मध्ये ठेवलं, कारण ती तर सगळीकडे चालते. पाठवलं. घरी जाताना तिने बाजारातून मोगऱ्याचा गजरा घेतला. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

शुक्रवारी दुपारी कोचीचं उत्तर आलं. फॉर्म मिळाला, धन्यवाद. पण तुमचं पान आम्हाला वाचता येत नाही, इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते आहे. आमच्या बाईंनाही कळेना. पानाशिवाय अर्ज पुरा होत नाही. संध्याकाळच्या आत वाचता येईल असं पाठवा.

तुळसाने पाठवलेली फाईल उघडून पाहिली, तिच्याकडे सगळं जागच्या जागी होतं. इतकं करून शेवटी तिथेच? परवा त्यांची फाईल इथे येऊन बरळली, आता आपली तिथे जाऊन बरळते. कोचीचा राग आला, ब्रॅंडनचा आला, लग्नाला मुहूर्त शोधणाऱ्याचाही आला. राग संपल्यावर डोकं चालायला लागलं, तिचं नेहमी त्याच क्रमाने चालतं.

फाईल तर तिकडे उघडते आहे. मग अक्षरं का बिघडली? कारण आपला मराठी फॉन्ट इथे मालवणात बसलेला आहे, कोचीच्या कॉम्प्युटरात तो नाहीच. आपण फक्त सांगितलं की हे या वळणात दाखवा, आणि त्यांच्याकडे ते वळण नव्हतं म्हणून त्यांनी हाताला लागलं ते नेसवलं. म्हणजे वळणही सोबत पाठवायला हवं. ब्रॅंडन कोल्हापूरच्या छापखान्याला पत्रिका पाठवतो तेव्हा काय करतो? पत्रिका तिथे जशीच्या तशी निघते, एक वेलांटी हलत नाही. तो पाठवतो पीडीएफ!

तीच ती हट्टी मेली. कुणाचं ऐकत नाही, कुणासाठी बदलत नाही, आपला सगळा साज अंगावर घालून निघते आणि जाईल तिथे तशीच दिसते. एरवी तिला नावं ठेवणाऱ्या तुळसाला आज तिच्या पाया पडावंसं वाटलं. नव्या कारभाऱ्याच्या पट्टीवर पीडीएफचं बटण समोरच होतं. दाबलं. फाईल तयार झाली. ती उघडून तिने ओळन्‌ओळ तपासली आणि पाठवली. सोबत दोनच वाक्यं लिहिली: आता पीडीएफ पाठवत आहे. उघडली की कृपा करून कळवा.

आता वाट बघायची. ऊन कलतं झालं होतं. कॅफेत कॉलेजची तीन-चार पोरं गेम खेळत होती, एक निवृत्त तलाठी मुलाला दुबईला ईमेल लिहीत होते. तेवढ्यात दारात यमुनाबाई उभ्या राहिल्या, डोक्यावर रिकामी पाटी. इतक्या वर्षांत त्या कॅफेत कधी आल्या नव्हत्या. "माझ्या अंगाक मासळीचो वास," म्हणून त्या रस्त्यावरूनच हाक मारायच्या. आज पाटी पायरीवर ठेवून त्या आत आल्या आणि सुनेच्या बाजूच्या खुर्चीवर बसल्या.

"गेली?"

"गेली. थंय उघडली काय ता कळाक नाय."

"काय लिवलंस तेतू?"

तुळसाने सांगितलं, "तुमचाच. बांगडो सुकलो काय ता तुमी बोटान दाबून कसा बघतास. मीठ किती, ता हाताक कसा कळता. आणि वाळूत कित्याक घालूचो नाय, ताय."

"शेवटचा खोटा," यमुनाबाई म्हणाल्या. पण त्यांचा आवाज रोजचा नव्हता. पडद्यावर काहीच घडत नव्हतं. एकाएकी त्या उठल्या, पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि त्या कॉम्प्युटरसमोर हात जोडून, बाजारात भाव सांगतात त्याच आवाजात सुरू झाल्या.

"बा देवा रामेश्वरा, नारायणा, बारा वहिवाटीच्या म्हाराजा!"

गाऱ्हाणं! तुळसाने "आई, आई" करत त्यांचा पदर ओढला. गाऱ्हाणं घालायचं ते देवळात आणि मानकऱ्याने. बाईने सायबर कॅफेत घातलेलं कुणी ऐकलंय? पण यमुनाबाई थांबणाऱ्यातल्या नव्हत्या.

"आज माझ्या सुनेन फाईल धाडल्यान हा, ती कोचीक जशीच्या तशी उघडान दे रे म्हाराजा!"

कॉलेजच्या पोरांनी गेम सोडून माना वळवल्या. मालवणी माणूस कुठेही असो, गाऱ्हाणं कानावर पडलं की तोंड आपोआप उघडतं. पोरं एका सुरात ओरडली, "व्हय म्हाराजा!"

"वाटेत कोण आडो इलो, नडो इलो, तर तेका बाजूक कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता तलाठीही उभे राहिले होते.

"लेकराची मेहनत फुकट जाव देव नको. तेका थंय नेवन, शिकवन, सुखरूप घराक हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

लेकराची. सुनेची नाही म्हणाल्या, लेकराची म्हणाल्या. तुळसाने पदर सोडून दिला. तिला ना हसता येत होतं ना मान वर करता येत होती.

उत्तर काही लगेच आलं नाही. देवाचं काम असलं तरी मालवणचं नेट ते मालवणचं नेट. पोरं पुन्हा गेमला लागली, तलाठ्यांनी पुन्हा दुबई गाठली. ऑफिस बंद व्हायची वेळ जवळ आली तेव्हा इनबॉक्समध्ये एक ठळक ओळ उमटली. तुळसाने ती उघडली. कोचीच्या बाईंनी मराठीतच, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं: पान उघडलं. वाचलं. तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. जूनच्या पहिल्या सोमवारी या, आम्ही वाट बघतो.

तिने ते यमुनाबाईंना वाचून दाखवलं. नमस्काराची ओळ दोनदा वाचली. पोरांनी टाळ्या पिटल्या. यमुनाबाई मात्र उठल्या, पाटी उचलली आणि चालू लागल्या. तुळसाला वाटलं, आता 'नको' म्हणायचं कारण सापडलं असणार. कॅफे पोरांवर टाकून ती मागोमाग धावली आणि भरडाच्या उतारावर तिने सासूला गाठलं.

"आई, काय झाला? माका पाठवचा नाय?"

"जा तू. मी खंय नको म्हणतंय?" यमुनाबाई चालतच होत्या. मग थांबल्या, तोंड दुसरीकडेच ठेवून म्हणाल्या, "पण तू गेलंस काय पावसाळोभर घरात माका उलट कोण बोलतला? लवू? तो 'व्हय आई'च्या पुढे सरकणा नाय. तेच्याशी भांडून काय जीव रमता?"

तुळसाला या बाईचा राग यायची सवय होती, माया वाटायची नव्हती. तिने पाटी सासूच्या डोक्यावरून काढून आपल्या डोक्यावर घेतली, आणि भर रस्त्यात, डोळे पुसायला हात मोकळा नसताना, म्हणाली, "रोज फोन करतंय, आई. रोज भांडूया."